देवगिरीची दारे आणि मिठाची पोती

दिल्ली दरवाजाशी खोळंबा

छत्रपती संभाजीनगराहून वेरूळकडे जाणारा रस्ता दौलताबादेपाशी, म्हणजे जुन्या देवगिरीपाशी, अंबरकोटाच्या तटाला भिडतो आणि दिल्ली दरवाजाच्या कमानीतून पलीकडे निघतो. ही कमान ज्यांनी उभारली, त्यांच्या डोळ्यांसमोर हत्ती, उंट, पालख्या आणि फार तर तोफांचे गाडे होते. त्यामुळे यात्रेकरूंची बस आणि मालाचा ट्रक समोरासमोर आले, की दोघांपैकी एकाने माघार घेतल्यावाचून गत्यंतर राहत नाही. माघार कुणी घ्यावी याचा निवाडा होईपर्यंत दोन्ही अंगांना वाहनांची रांग लागते, कर्ण्यांचा गलबला होतो, आणि रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या मांडून बसलेल्या बाया ती संधी साधून खिडक्याखिडक्यांशी फिरू लागतात. “घ्या मामा, डोंगरातलं हाय, निस्ती साखर,” असे म्हणत एकीने फळ माझ्या हातावर ठेवलेदेखील. शत्रूची चाल मंदावावी आणि तेवढ्या अवकाशात त्याच्यावर वरून मारा करता यावा, हाच दुर्गद्वाराचा मूळ हेतू असेल, तर दिल्ली दरवाजा आपली चाकरी अद्याप इमानाने बजावीत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘दार’ हा विषय कळविला, तेव्हा माझ्या मनात प्रथम हाच किल्ला आला. महाराष्ट्रात गडकोटांना तोटा नाही. परंतु दार बंद करण्याच्या कलेचा इतका सांगोपांग, इतका संशयी आणि काहीसा अतिरेकीच म्हणावा असा विचार दुसऱ्या कोणत्याही दुर्गात झालेला मला ठाऊक नाही. आणि एवढे करूनही हा किल्ला पुनःपुन्हा परक्यांच्या हाती गेला. तो कसा गेला, हे त्याच्या दारांपाशीच उभे राहून पाहावे, या हेतूने मी गेलो.

वजाबाकीचे स्थापत्य

किल्ला बांधणे म्हणजे सामान्यतः बेरीज करणे. दगडावर दगड, त्यांत चुना, वर चर्या आणि बुरूज, असा तो वाढत जातो. देवगिरीच्या कारागिरांनी मात्र उलटा हिशेब मांडला. सपाट मुलखात एकटीच उभी असलेली, सुमारे सहाशे फूट उंचीची शंकूच्या आकाराची टेकडी त्यांना सापडली. शंकूच्या आकाराची टेकडी पाहावयास कितीही भव्य असली, तरी तिच्या उतारावर माणूस चढू शकतो, हा तिचा दोष. तो दोष त्यांनी छिन्नीने दूर केला. टेकडीचा खालचा सुमारे दीडशे फुटांचा भाग सर्व बाजूंनी उभा तासून काढला आणि त्या भिंतीच्या पायथ्याशी कातळातच खंदक खोदला. दुरून पाहिले असता वरचा भाग झाडाझुडपांचा, नैसर्गिक उताराचा आणि खालचा भाग एखाद्या अजस्र खांबाच्या तळखड्यासारखा दिसतो, त्याचे कारण हेच.

या कामाची कल्पना खंदकाच्या काठावर उभे राहिल्याखेरीज येत नाही. दख्खनचा काळा पाषाण टाकीला सहजासहजी दाद देत नाही. सकाळचे तिरपे ऊन कड्यावर पडले म्हणजे टाकीचे घाव ओळीने उमटलेले दिसतात. आणि त्या प्रत्येक घावामागे एक हात, एक घण आणि निघालेला चुरा पाटीत भरून वर नेणारा दुसरा कोणी माणूस होता, हे ध्यानात आले म्हणजे मन थबकते. त्यांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. परंतु त्यांचे कुळ ओळखता येते. येथून काही कोसांवर वेरूळ आहे. तेथे आठव्या शतकात राष्ट्रकूट नृपती पहिल्या कृष्णाच्या काळी डोंगर वरून खाली कोरीत कैलास लेणे साकारले गेले. आणि देवगिरीच्या टेकडीतही जुन्या, अर्धवट सोडलेल्या लेण्यांच्या खुणा आहेत. या प्रदेशातील पाथरवटांना कातळातून नको तेवढे काढून टाकण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती. त्या विद्येने वेरुळी देवाला घर दिले आणि येथे माणसाला आत येण्याची मनाई केली.

यादव घराण्यातील पाचव्या भिल्लमाने ११८७ च्या सुमारास आपली राजधानी येथे वसविली आणि पुढे सव्वाशे वर्षे मराठी मुलखाचा कारभार या टेकडीच्या सावलीत चालला. याच घराण्यातील सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ येथेच रचला. महादेव आणि रामचंद्र या राजांचा करणाधिप हेमाद्री धर्मशास्त्राचा प्रचंड संग्रह सिद्ध करीत होता, तोही याच दरबारात. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्या राजाचा उल्लेख येतो तो रामचंद्र इथलाच. शार्ङ्गदेव आणि हेमाद्री हे दोघेही श्रीकरणाचे अधिपती, म्हणजे राज्याच्या लेखनकारभाराचे आणि जमाखर्चाचे मुख्य. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण हिशेबाचा विषय पुढे पुन्हा निघणार आहे.

महाकोटाच्या देवड्या

आज ज्या दाराने तिकीट काढून आत शिरावयाचे, ते महाकोटाचे महाद्वार. हे एक दार नव्हे. ही दारांची मालिका आहे. पहिल्या दारातून आत गेले, की वाट सरळ न जाता वळते. वळणाशी बंदिस्त चौक, त्याच्या चहूकडे उंच तट, आणि त्या तटांवर मारेकरी उभे राहतील अशा जागा. दाराच्या जाड फळ्यांवर अणकुचीदार लोखंडी खिळे ठोकलेले आहेत, ते हत्तीच्या गंडस्थळासाठी. पण हत्तीचे बळ खरे असते ते धावेत. दोन दारांमधील अंतर आणि मधले वळण असे साधले आहे, की दुसऱ्या दारावर धडक देण्यापूर्वी हत्तीला धाव घेण्याइतकी मोकळी जागाच मिळू नये. पहिले दार फोडून जो जमाव आवेशाने आत घुसेल, तो चौकात अडकून मागच्यांच्या रेट्याने चेंगरला जाईल, आणि वरच्यांना नेम धरण्याचीही गरज उरणार नाही. दाराच्या आतल्या बाजूला देवड्या आहेत. पहारेकऱ्यांची बसण्या-उठण्याची ही जागा आता मोकळी असते. दुपारी तेथील गारव्यात सहलीला आलेल्या शाळकरी पोरांनी डबे उघडले होते.

चौकात जुन्या तोफा ओळीने मांडून ठेवल्या आहेत. त्यांच्यावर बसून छबी काढून घेण्यासाठी झुंबड उडते आणि पहारेकरी शिटी फुंकून दमतो. मी त्याला विचारले, “दिवसभर हेच?” तो म्हणाला, “साहेब, तोफ चालवायला तरी चार माणसं लागत असतील. तोफ राखायला मी एकटा.”

महाकोटाच्या आत एके काळी शहर होते. आज त्याची जोती आहेत, विहिरी आहेत, ढासळलेल्या भिंतींतून वाढलेली झाडे आहेत. किल्ल्याच्या पोटात एवढी वस्ती राहावयाची, तर पाण्याची तजवीज तितकीच मोठी हवी. नजीकच्या डोंगरांच्या कुशीत अडविलेले पाणी खापरी नळांतून शहरात आणले होते. वाटेत लागणारा हत्ती हौद चारी बाजूंनी सुमारे सव्वाशे फुटांचा आहे. त्याच्या काठाशी वाकून पाहिले म्हणजे शिबंदीचा आकार पायथ्याच्या तटांपेक्षा येथे अधिक नेमका कळतो. हौदापलीकडे शंभरावर खांबांची प्रशस्त मशीद आहे. ते खांब जुन्या देवळांतले, ती उभी राहिली चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात खिलजींची सत्ता येथे स्थिरावल्यावर. आणि १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर तेथे भारतमातेची मूर्ती बसली. समोर चाँद मिनार. पंधराव्या शतकाच्या मध्यावर बहमनी सुलतान दुसऱ्या अलाउद्दीन अहमदाच्या राजवटीत उभारलेला हा मनोरा चार मजली आहे आणि एके काळी त्यावर इराणी धाटणीच्या झिलईदार फरशा झळकत होत्या. सौंदर्य म्हणून मला तो मशिदीच्या खांबांपेक्षा डावा वाटला. गर्दी मात्र त्याच्याच पायाशी होते.

खंदक आणि अंधारी

खरा किल्ला यानंतर सुरू होतो. काळाकोट हा आतला तट ओलांडला, चिनी महालाची निळी-पांढरी कौले दिसेनाशी झाली, की पायाखाली एकाएकी जमीन संपते आणि खंदकाची दरी समोर येते. पलीकडे तासलेला कडा. आज लोखंडी पुलावरून सुखेनैव पलीकडे जाता येते. जुना दगडी पूल खाली आहे. त्याचा मधला भाग मुद्दाम खोलगट ठेवलेला होता, आणि खंदकातील पाण्याची पातळी बांध घालून अशी राखलेली, की वेळप्रसंगी पाणी वाढवून पूलच बुडवून टाकावा. उचलता येणारा पूल शत्रू जाळू शकतो, दोर तोडू शकतो. बुडालेल्या पुलाचे तो काय करणार? खंदकात मगरी सोडल्या होत्या असे वाटाडे हटकून सांगतात. सांगोत बापडे. मला तो बुडणारा पूल मगरींपेक्षा अधिक भयंकर वाटतो.

चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता येथे आला होता. बालेकिल्ल्यावर चढण्यासाठी कातड्याची शिडी असून रात्री ती वर ओढून घेतात, असे त्याने लिहून ठेविले आहे. इथल्या तळघरांतील कैद्यांना मांजरांहून थोर उंदरांशी झुंजावे लागते, ही हकिगतही त्याचीच.

पुलापलीकडे अंधारी. डोंगराच्या पोटातून वळणे घेत वर चढणारे हे भुयार कातळातच कोरलेले आहे. पायऱ्यांची उंची कोठे कमी, कोठे जास्त, त्यामुळे पायाला अंदाज लागत नाही. मध्येच वाट फुटते. एक फाटा खंदकावर उघडणाऱ्या भगदाडाशी नेतो, आणि अंधारातून उजेडाकडे धावणारा माणूस त्या उजेडातूनच खाली पडावा, अशी योजना. आमच्या वाटाड्याने टेंभा पेटविला, तशी छताला लोंबकळलेली वटवाघळे हलली आणि विष्ठेच्या उग्र दर्पाने पुढे चाललेल्या पुण्याच्या आजीबाईंनी पदर नाकाशी धरला. “आजी, पाय घासत चला, उचलू नका,” असे तो सांगत होता. त्याची सूचना युद्धशास्त्रदृष्ट्याही अचूक होती.

अंधारीच्या वरच्या तोंडाला लोखंडी झाकण होते. त्यावर निखारे पेटवावयाचे, आणि धूर खाली भुयारात कोंडावा, निखारा धगधगत राहावा, म्हणून वाऱ्याच्या झोतासाठी कातळातून एक लहानसे छिद्र पाडलेले आहे. मला साऱ्या किल्ल्यात सर्वांत थक्क केले ते या छिद्राने. वाटाडे येथे उकळत्या तेलाच्या कढयांची गोष्ट सांगतात. परंतु तेलाचा भाव ठाऊक असलेला कोणताही कारखानीस तिला संमती देईल असे वाटत नाही. धूर स्वस्त पडतो. तो वळणे घेतो, अंधारात वाट चुकत नाही, आणि शत्रूचे प्रेत दारात अडकले तरी पुढच्यापर्यंत पोहोचतो.

कधीही न फुटलेले दार

एवढा बंदोबस्त असताना किल्ला पडला कसा? १२९६ साली कडा-माणिकपूरचा सुभेदार अलाउद्दीन खिलजी काही हजार स्वारांनिशी अचानक देवगिरीवर चालून आला. रामचंद्राचे सैन्य युवराज शंकरदेवासमवेत दूर होते. राजाने घाईने वर आश्रय घेतला. फरिश्ता हा इतिहासकार या प्रसंगानंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता, तेव्हा त्याच्या शब्दावर किती भिस्त ठेवावी हे ज्याचे त्याने ठरवावे. पण त्याने दिलेली हकिगत अशी. कोकणातून आलेले व्यापारी आपली पोती शहराबाहेर टाकून पळाले होते. किल्ल्यातील लोकांनी ती धान्याची समजून गडबडीने वर नेली. शंकरदेव परतला, त्याने बापाचा निरोप डावलून लढाई दिली, आणि ती तो जवळजवळ जिंकत असता मागे ठेवलेली शत्रूची तुकडी धुरळा उडवीत आली. दिल्लीची मोठी फौजच आली अशा समजुतीने यादवसैन्याने धीर सोडला. वेढा पुन्हा आवळला गेला. तेव्हा वर पोती सोडून पाहिली, तो आत मीठ!

कोरलेला कडा शाबूत होता. राजाने तह केला, अलोट खंडणी दिली, आणि मराठी मुलखाच्या भविष्याला निराळेच वळण लागले. ज्या दरबारात दोन-दोन श्रीकरणाधिप होऊन गेले, त्याच्या कोठीत पोते सोडून पाहणारा एक साधा कोठावळा त्या दिवशी नव्हता, हे मला या कथेचे मर्म वाटते.

पुढे १३२७ साली मुहम्मद तुघलकाने आपली राजधानी दिल्लीहून येथे हलविली, देवगिरीचे दौलताबाद झाले, उत्तरेकडून कारकून, सरदार, सूफी आणि कारागीर आले; जवळच कागजीपुऱ्यात हातकागद करण्याचा व्यवसाय त्या काळाशी आपले नाते सांगतो. वीस वर्षांनी त्याच्याच अमीरांनी बंड करून किल्ला बळकावला. सुलतान जातीने चालून आला, खाली त्याने बंडखोरांना झोडपून काढले. परंतु त्यांचा पुढारी इस्माईल मुख बालेकिल्ल्यात जाऊन बसला, आणि हिंदुस्थानच्या बादशहाला आपल्याच माजी राजधानीच्या दारात ताटकळत राहावे लागले. गुजरातेत दुसरे बंड उठल्यामुळे तो निघून गेला, आणि त्या उघड्या पडलेल्या अवकाशातून १३४७ साली बहमनी राज्य जन्मास आले. दार त्या वेळीही फुटले नाही.

१६३३ साली मोगल सेनापती महाबतखानाने वेढा दिला, तेव्हा किल्ला निजामशाहीकडे होता आणि मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान आत होता. मोगलांनी सुरुंग उडवून अंबरकोट आणि महाकोटाचे तट पाडले. विजापूरचे सरदार आणि त्यांच्यासवे शहाजीराजे बाहेरून रसद पोहोचविण्याची शिकस्त करीत होते. १६३० नंतरच्या भीषण दुष्काळाने मुलूख आधीच पिळून निघालेला. रसद आली नाही. फत्तेखानाने उपासमारीला कंटाळून किल्ल्या हवाली केल्या. अंधारीतला निखारा त्याही वेळी पेटविण्याची वेळ आली नाही, कारण अंधारीपर्यंत कोणी लढत आलेच नाही.

ज्या चिनी महालाच्या निळ्या कौलांचा उल्लेख वर केला, तेथे गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह औरंगजेबाच्या कैदेत मरेपर्यंत राहिला. त्याचा गोवळकोंडा आठ महिने झुंजला आणि १६८७ साली एका फितूर सरदाराने रात्री आतून दरवाजा उघडल्यामुळे पडला. त्याला ठेवावयास औरंगजेबाने दक्षिणेतील सर्व किल्ल्यांतून हाच निवडला, यात बादशहाची दुर्गपरीक्षा दिसते. जवळच्या बुरुजावर औरंगजेबाची मेंढा तोफ आहे. मागच्या टोकाला मेंढ्याचे मुख असलेली ही ओतीव तोफ खुंटावर फिरविता येत असे.

एक पैचा हिशेब

अंधारी संपल्यावर पुष्कळ पायऱ्या चढून शाहजहानच्या १६३६ च्या मुक्कामासाठी बांधलेल्या बारादरीत दम खाता येतो. तेथून आणखी वर, माथ्याजवळ, जनार्दनस्वामींचे स्थान आहे. निजामशाहीच्या चाकरीत हे दत्तोपासक सत्पुरुष या किल्ल्याचे किल्लेदार होते, आणि पैठणहून बालवयात आलेले एकनाथ त्यांच्या सेवेत राहून कचेरीचे लिखाण पाहत. एका रात्री हिशेबात एक पै जुळेना, ती शोधण्यात नाथ पहाटेपर्यंत जागले आणि सापडल्यावर टाळी पिटून नाचले. एवढी तन्मयता ईश्वराकडे लागली तर, असे गुरू म्हणाले, ही कथा मराठी घरांत सर्वांना पाठ आहे. कीर्तनकार तिचे तात्पर्य अध्यात्माकडे नेतात आणि ते योग्यच. पण किल्ल्याच्या माथ्यावर ती आठवताना मला तिचे व्यवहारी अंगच अधिक जाणवले. या दुर्गाला कातळाहून अधिक गरज होती ती अशा माणसाची, जो रात्र जागून एक पै शोधतो आणि म्हणून मिठाचे पोते धान्य म्हणून जमा धरणार नाही.

मराठ्यांचे या किल्ल्याशी नाते कडू-गोड आहे. आपला वंश यादवांपर्यंत नेणारे सिंदखेडचे लखुजी जाधव, जिजाबाईंचे वडील, १६२९ साली येथेच निजामशहाच्या दरबारात पुत्रांसह दग्याने मारले गेले. १७६० साली उदगीरच्या विजयानंतर निजामाने पेशव्यांना जे किल्ले दिले, त्यांत हाही होता. मात्र याहून महत्त्वाचे मला वाटते ते जिंजीस राजाराम महाराजांच्या काळात बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने टिपलेले निरीक्षण. शिवाजी महाराजांनी रायरीचा, म्हणजे पुढच्या रायगडाचा, डोंगर पाहिला. तो कडा पावसाळ्यातही गवत न धरणारा, जणू तासून काढलेला एकसंध दगड होता. महाराजांना दौलताबाद आठवला. तोही पृथ्वीवरील उत्तम गड खरा, पण उंचीने थोडका, असे त्यांनी म्हटले आणि तख्ताची जागा रायरीस मुक्रर केली. यादवांच्या बेलदारांनी पिढ्या खर्ची घालून जे साधले, ते सह्याद्रीने आयतेच दिलेले होते.

आणि कडा आयता मिळाल्यावर मराठ्यांच्या दुर्गविचाराचे लक्ष कुठे वळले, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दिसते. अठराव्या शतकाच्या प्रारंभीच्या या ग्रंथात दुर्गांसंबंधीचा मजकूर विस्ताराने आहे. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, एकाच झऱ्यावर विसंबू नये, हे तर त्यात आहेच. शिवाय कोठीच्या घराला आग, उंदीर, मुंगी, वाळवी यांची बाधा होऊ नये म्हणून जमिनीला दगड बसवून पक्का गच करावा, इथपर्यंत तपशील दिला आहे.